नाही म्हणता येईल असं वाक्य

डिचोलीच्या स्टँडवर वाळपईची बस लागली होती, पण सुटायचं नाव घेत नव्हती. कॉलेजात निबंधलेखन शिकवणाऱ्या सुविधाबाई मांडीवर तपासायचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. पुढच्या बाकावर एक आई लेकीचा निबंध ऐकत होती.

"वाच गो, गौरवी."

"'खाणींचे जसे फायदे आहेत, तसेच तोटेही आहेत.'"

"ह्याला नाही कोण म्हणणार?"

"कोणीच नाही."

"मग लिहिलंस कित्याक? ग्रामसभेत मी असं बोलले असते, तर सगळे माना डोलावून घरी गेले असते."

"तू काय बोललीस?"

"आधी खाणीतून शेतांत आलेला गाळ उपसा, मगच खाण परत सुरू करा. एवढंच. अर्धी सभा उठून उभी राहिली."

"भांडायला?"

"तर! कोण नोकऱ्यांवर बोललं, कोण रस्त्यांवर. तासभर मी गाळ काही सोडला नाही."

सुविधाबाईंच्या हातातला लाल पेन केव्हाच थांबला होता.

"आई, हे बघ. 'शेतांतला गाळ उपसल्याशिवाय खाण पुन्हा सुरू करू नये.'"

"हां. आता नाही कोण म्हणेल?"

"बाबा. खाण बंद पडल्यापासून आपला ट्रक दोन वर्षं दारात उभा आहे."

"सभेत पहिले तेच उठले होते."

"मग खोडू?"

"खोडतेस कित्याक? पुढचं वाक्य त्यांना उत्तर म्हणून लिही."