उजवा इंडिकेटर

स्कूटरचा इंडिकेटर घरीच दुरुस्त केला, असं कुणी सांगायला लागलं की मी आपला खाली मान घालून चहा पितो.

साखरशेतच्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. विज्ञान मीच शिकवायचो, मग मेकॅनिककडे कशाला जायचं? स्वतःच वायरी जोडल्या. उजवा दिवा झकास लुकलुकला, तसा मी खुशीत जव्हारला निघालो. तो दिवा नंतर बंदच झाला नाही, हे मला कुठलं कळायला!

वाटेत मागे एक जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. म्हटलं, ह्याला सीटा भरायची घाई दिसतेय. मी मुद्दाम मागे वळून पाहिलंच नाही.

जव्हारच्या नाक्यावर ड्रायव्हर खाली उतरला. "गुरुजी, तुम्हाला वळायचं कुठं होतं? दर फाट्याला वाटायचं, आता उजवीकडं वळतील. पुढं काढायची छातीच झाली नाही."

"पण एवढी घाई कसली रे तुला?" मी वर तोंड करून विचारलं.

त्यानं नुसतं जीपकडे बोट केलं. जीपमधून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. दवाखाना अजून पुढेच होता.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, म्हणून निदान सांगू तरी शकतो. सहा वर्षांनी तीच पोरगी आजीचं बोट धरून पहिलीत नाव घालायला आली. जन्मठिकाणाच्या रकान्यात मी गुपचूप 'जव्हार' लिहिलं.

"काय लिवलं?" आजीनं विचारलं.

"जव्हार."

"जव्हार कसं? तुमच्या दिव्याच्या मागं, असं लिवा ना गुरुजी."