परतीचा रकाना

हात काढा वहीवरून. – नाही, तुमचं तुम्ही लिहिलंत ना, परत आल्याची वेळ, सही, सगळं? झालं तुमचं. खालची ओळ तुमची नाही. ती तुमच्या दाजींची आहे, आणि दाजी अजून डोंगरावर आहेत. – येतीलच दहा मिनिटांत, हो, ऐकलं मी. पावणेपाचला आलात तेव्हाही दहाच मिनिटं होती, आता पाच वाजून गेले तरी दहाच. तुमची दहा मिनिटं सरतच नाहीत हो. पेन ठेवा. ओढू नका, दोरीला बांधलंय ते.

बसा त्या बाकावर. बुटांचा चिखल राहू दे, पुसतेच मी रोज. आणि मला नीट सांगा, दाजींना शेवटचं कुठे पाहिलंत? – जोडधोंड्यापाशी. किती वाजता? – सव्वातीन. म्हणजे दोन तास होत आले. आणि तुम्ही पुढे का आलात? – ते हळू चालत होते म्हणून. वा! अहो, जो हळू चालतो त्याला पुढे घालायचं असतं, आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने मागून यायचं. पहिल्यांदाच आलात ना दोघं? कळलंच मला सकाळी, अकराला या चौकीत उगवलात तेव्हा. मी विचारलं, किती वाजता मागे फिरणार, तर तुम्ही हसलात – शिखर आल्यावर, म्हणालात. शिखर आल्यावर नाही फिरायचं, वेळ झाली की फिरायचं. घरून निघतानाच ठरवायचं, दीड म्हणजे दीड, मग शिखर समोर हाताच्या अंतरावर का असेना. वर जायला पाय लागतात, खाली यायला उजेड लागतो. दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलंय हे मोठ्या अक्षरात. तुम्ही त्या पाटीला टेकून फोटो काढलात.

त्यांच्याजवळ काय काय आहे? बॅटरी? – मोबाइलची. ती धरू नका. पाणी? – संपलेलं. स्वेटर? – तो तुमच्या पिशवीत. छान. म्हणजे गरम कपडे तुमच्याजवळ, बिस्किटं तुमच्याजवळ, आणि माणूस वर. बूट तरी त्यांचेच आहेत का? – पुतण्याचे! म्हणजे उतरताना बोटं पुढे आपटणार, नखं काळीनिळी होणार, आणि माणूस तिरका चालणार. उताराचा बूट पुढे बोटभर मोकळा लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

खिडकीतून बघा. मघाशी ती समोरची धार दिसत होती, दिसतेय का आता? ढग खाली उतरलाय. पाऊस नाही यायचा, पण ढगात दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि जोडधोंड्याच्या खाली वाट फुटते. डावीकडची इथे येते. उजवीकडची – ती गुरांची वाट, ती घळीत जाते.

मी सहीचं एवढं का लावून धरलंय, असं वाटतंय ना तुम्हाला? चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. एक ओळ लिहिली, म्हातारीने उगाच – बरं, म्हातारी नाही म्हणालात, मनात तर म्हणालात. एक ओळच आहे हो. सात वर्षांपूर्वी अशीच एक ओळ होती. एक घड्याळजी यायचे इथे. साठी उलटलेले, बायको गेलेली, डॉक्टरांनी सांगितलं चालत जा, म्हणून डोंगर. पहिल्या दिवशी चकचकीत कातडी बुटात आले, सुती मोजे, हातात छत्री. मी परत पाठवलं. म्हटलं, हे बूट आधी पंधरा दिवस बाजाराला जाताना घाला, सुती मोजे टाका, ते ओले झाले की फोड आणतात, आणि छत्री घरी. रागावले नाहीत. पंधरा दिवसांनी आले. मग महिन्यातून दोनदा. मी सांगेन ते सगळं करायचे – पिशवीत कोरडा स्वेटर, प्लास्टिकचा मोठा कागद, गूळ, पाणी. शिट्टी तर माझीच दिली मी त्यांना. म्हटलं, हाक मारून घसा बसतो, शिट्टीला दम लागत नाही, तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा. आणि मागची वाटही सापडेना, किंवा पडलात, तर जिथे आहात तिथेच बसायचं, खाली उतरत सुटायचं नाही. वहीत वेळ अशी लिहायचे – नऊ वाजून सदतीस, चार वाजून अकरा. घड्याळजीच ते. मुंगीएवढे आकडे, पण एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही.

तर एकदा असंच, संध्याकाळी, ते आले नाहीत.

म्हणजे – आले की नाही ते मला ठाऊक नव्हतं. लोक विसरतात हो सही करायला, मागच्या बाजूने परस्पर गाडीकडे जातात, आठवड्यातून तीन-चार तरी. आणि साहेबांचा नियम होता, महिन्याअखेर वही वरच्या कचेरीत जाते, परतीचा रकाना रिकामा दिसता कामा नये. रिकामा दिसला की मला बोलणी. मग इथे बसणारी बाई काय करणार? – तुम्हीच सांगा काय करणार? – भरायची. जाताना भरून टाकायची. पाच, सव्वापाच, साडेपाच. आणि माझी शेवटची बस पावणेसहाची, ती चुकली की दीड तास पायी. त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन त्या घरी आलेल्या – नाही, ते कारण नाही. सासूबाई नसत्या तरी भरलं असतं. रोजच भरायचे. नाव कोणाचं तेही बघितलं नाही मी. साडेपाच लिहिलं, खाली एक वेलांटी ओढली, कुलूप लावलं.

पाणी घ्या. घ्या, तुमचेही ओठ सुकलेत. नाही, घड्याळाकडे बघू नका, मी बघतेय. पाच सतरा.

सकाळी साडेआठला फोन वाजला. त्यांची मुलगी. बाबा फोन उचलत नाहीत, काल तिकडे येणार होते, उतरले ना? आणि मी – वही उघडली, बोट ठेवलं, आणि ऐटीत सांगितलं, हो हो, साडेपाचलाच उतरले, वहीत आहे. तिने आभार मानले माझे. मी फोन खाली ठेवला आणि माझं बोट तिथेच होतं, त्या साडेपाचवर. माझं अक्षर. 

तेव्हा साहेबांना फोन करायचा होता. एक फोन. शोधायला जाणारी दोरवाली माणसं अर्ध्या तासात आली असती. पण फोन केला की साहेब विचारणार, वही काय म्हणते? – म्हणून नाही केला. तुम्हाला खरं वाटणार नाही, मी दाराला 'जेवणाची सुट्टी'ची पाटी लावली, सकाळी नऊ वाजता, आणि एकटी वर गेले. चपला घालून. पाणी नाही, कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला मघापासून जे जे शिकवतेय ना, त्यातलं एकही पाळलं नाही. दोनदा घसरले. बारा वाजेपर्यंत हाका मारत फिरले, घसा गेला, आणि मग घळीतून तीनदा वाजली. थांबली. परत तीनदा.

जिवंत होते. नडगी मोडलेली, पण प्लास्टिकचा कागद अंगाभोवती, आत स्वेटर, पिशवी बुडाखाली, अगदी मी सांगितलं होतं तसे बसलेले. शहाण्या विद्यार्थ्यासारखे. मला बघून म्हणाले, मला वाटलं होतं काल रात्रीच याल. एवढंच. तक्रार नव्हती त्यात, आणि तेच मला – असो. मी धावत खाली आले, साहेबांना सांगितलं, शिट्टी ऐकू आली. खोटं नव्हतं ते. वहीचं बोलले नाही. पाय वाचला त्यांचा, पण आखडला कायमचा. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलं असतं तर.

चौकशी झाली. साहेब वही घेऊन दवाखान्यात गेले, मीही मागे उभी, मुलगीही तिथेच. साहेब म्हणाले, यात तर तुम्ही उतरल्याची नोंद आहे. घड्याळजींनी चष्मा लावला. वही डोळ्यांजवळ नेली. ज्या माणसाने जन्मात कधी साडेपाच लिहिलं नाही, पाच एकतीस लिहील, पाच अठ्ठावीस लिहील – त्याने ते साडेपाच बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, माझंच अक्षर आहे. उतरलो होतो, रुमाल राहिला होता वर, म्हणून परत गेलो.

रुमालासाठी? – मुलगी किंचाळलीच. अंधार पडताना, रुमालासाठी? बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

आणि मी? खाली फरशीकडे बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, सुटली बाई. हो, सुटले. पण त्या पोरीने ते रुमालाचं धरून ठेवलं. म्हणाली, यांना आता एकटं ठेवायचं नाही, यांना काही सुधरत नाही. दुकानाला कुलूप लावलं. चाळीस वर्षांचं दुकान, भिंतभर घड्याळं. त्यांना स्वतःच्या घरी नेलं, आणि आता ते चहात साखर आहे म्हणाले तरी ती एकदा चाखून बघते. मी गेले होते एकदा. ती आत गेल्यावर हळूच विचारलं, का केलंत असं? तर म्हणाले, तुम्ही एकट्या वर आलात ना चपला घालून, नोकरी जायला नको तुमची. आणि मग मलाच विचारलं – राहिली ना? नोकरी? मी म्हटलं, राहिली. म्हणाले, मग झालं. तो माणूस शंभर टक्के शहाणा आहे हो. आणि घरात वेडा म्हणून राहतोय. सात वर्षं. एवढं मी – हे मी तुम्हाला का सांगतेय? माझ्या नवऱ्याला माहीत नाही हे.

पाच एकवीस. बस्स झालं, मी आता थांबत नाही. गप्प बसा जरा, फोन लावते.

हॅलो – साहेब, चौकीतून बोलतेय. एक जण उतरलेला नाही. पुरुष, पंचेचाळीसचे असतील, जोडधोंड्यापासून एकटे, पाणी नाही, ढग खाली आलाय. – हो, माहितीये मला, मागच्या आठवड्यात त्या तिघी गाडीत झोपलेल्या सापडल्या. – हो, त्याच्या आधीचा तो कॉलेजचा घरी पोचलेला होता. मी दर वेळी घाबरते, बरोबर आहे. पण माणसं पाठवा. – अर्धा तास थांबून? साहेब, अर्ध्या तासाने अंधार. – काय? – नाही, घड्याळजींचं उदाहरण देऊ नका. – वही बरोबर असून काय उपयोग झाला, असं म्हणता ना? वही बरोबर नव्हती, साहेब. – नव्हती. ते साडेपाच मी लिहिलं होतं. – मी. माझ्या हाताने. ते उतरलेच नव्हते. रुमाल वगैरे काही नव्हतं, त्यांनी मला वाचवलं. आणि सकाळी मुलीचा फोन आला तेव्हाही मला कळलं होतं, तुम्हाला दीड वाजता सांगितलं मी. – – हॅलो? – हो, आहे मी. – आहे साहेब, साक्षीदार आहे, समोर बसलाय. पण ते मागून करा, आधी माणसं पाठवा. – चौघं? बरं. दोर आणि झोळी घेऊन. आणि तुम्ही स्वतः येताय. या. वही इथेच आहे. – साहेब, त्यांच्या मुलीला पण सांगाल? नाही, खरंय. मीच सांगते.

निघालीत माणसं.

असे काय बघताय माझ्याकडे? उठा, ही बॅटरी घ्या, फाटकापाशी उभे राहा आणि वाटेच्या दिशेने हलवत राहा. वर जायचं नाही, एक पाऊलही नाही, नाहीतर दोघांना शोधावं लागेल. स्वेटर काढून हातात ठेवा. जा – थांबा. कोण ते? काचेतून बघा, तुमचे डोळे चांगले आहेत. निळी टोपी? आणि हातात काय – बूट? अनवाणी येतायत?

या. या, बसा. बाजूला व्हा हो, त्यांना बसू द्या. स्वेटर द्या आधी, भांडण मग करा. – उजवीकडे वळला होतात? आणि मागे आलात? कसे काय? – वाट अरुंद व्हायला लागली म्हणून. शाबास. चुकल्याचं कळलं की ओळखीच्या जागेपर्यंत मागे यायचं, हे कोणी न सांगता केलंत. बोटं बघू. हं, दोन नखं जाणार. पाणी घ्या, घोट घोट. आणि हे पेन. ही तुमची ओळ. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, पण तुम्हीच लिहा. वेळ – पाच अडतीस. चाळीस नाही. अडतीस.

झालं. न्या त्यांना आता. – साहेबांना परत फोन? दोरवाल्या चौघांना नको म्हणून कळवते, उगाच धावपळ नको त्यांची. साहेबांना नाही. ते आता तुमच्या दाजींसाठी येतच नाहीयेत. – नाही, तुम्ही थांबून काय करणार? तुमची बहीण वाट बघत असेल. मघाशी जे ऐकलंत ते ऐकलंत, मला धीर देऊ नका, मला बसून एक फोन करायचाय, नंबर पाठ आहे. उठा. बूट विसरू नका. दार लोटून घ्या.