सात झाले, चला

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मीच. तुझी आईच बोलतेय. दुसरं कोण उचलणार माझा फोन?

…कुठे म्हणजे? जिथे सोडून गेलात तिथेच. घाटाच्या पायथ्याशी, पेट्रोल पंपाशेजारी, चहाच्या दुकानात… नाही, मला काही झालेलं नाही. तोंड धुऊन बाहेर आले तर गाडी गायब. म्हटलं, सावलीत लावली असेल. सावलीत बघितलं. टायरमध्ये हवा भरतात तिथे बघितलं. पंपाभोवती वेड्यासारखी फिरले. मग तिथला माणूस म्हणाला, ती पांढरी गाडी ना मावशी, ती मघाशीच घाट चढली.

…मी का करू फोन? तुमच्या कधी लक्षात येतंय, तेवढंच बघायचं होतं मला… रेंजचं सांगूच नकोस. लक्षात आलं असतं तर गाडी फिरवली असतीत. गाडी फिरवायला रेंज कशाला लागते?

…काय झालं धाकट्या पोरीला?… मळमळतंय. आणि गोळी माझ्या पर्समध्ये. असं होय. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, तुम्हाला गरज पडली तेव्हा कुठे वैद्य आठवला… नाही, ऐक, तिला खिडकीशी बसव. पाणी घोट घोट दे, एकदम बाटली देऊ नकोस तिच्या हातात.

…मोजलंत? काय मोजलंत?… सात. अरे, सात येणारच. तुम्ही दोघे भाऊ, दोघी सुना, तीन पोरं. झाले सात… हो, मीच म्हणते दर वेळी, ‘सात झाले, चला.’ कारण मोजणारी मी असते. मी स्वतःला कशाला मोजू? मी तर असतेच. आज मी नव्हते, तुम्ही मोजलंत, माझाच आकडा घेतलात आणि निघालात.

…शाल दिसली म्हणून वाटलं झोपलेय? मग हाक मारायची. मागच्या सीटवर बॅगांमध्ये बसवता मला, तिथे आई कुठली नि बॅग कुठली, कळणार कसं तुम्हाला.

…दे, दे तुझ्या बायकोकडे… हं, बोल गं… नाही, तुझ्यावर नाही चिडले… खरं सांगू? चिडलेय. तुझ्यावरही. माझ्यासाठीच काढली होती ना ही सहल? ‘आई, तुम्ही समुद्र बघितलाच नाही कधी.’ बघितला ना. चपलांच्या राशीत बसून बघितला. मांडीवर तुमचे फोन, घड्याळं, टॉवेल. ‘आम्ही आलो की तुम्ही जा’ म्हणालात. आलात, आणि भूक लागली म्हणून निघालात. कोरडे पाय घेऊन परत आले मी. काल मूग गिळून गप्प बसले… अगं, रडू नकोस. मी रडत नाहीये तर तू कशाला रडतेस? त्याला दे फोन.

…हं… काय? परत सांग… आधी वर जाणार, खोल्या ताब्यात घेणार, सामान टाकणार, आणि मग मला न्यायला येणार… नाही नाही, बरोबर आहे तुझं. खोल्या जातील. आई कुठे जातेय? ठेवली तिथे राहते आई.

…आता नको. आता वळवू नकोस गाडी. ऐक ना माझं… समोर बस उभी आहे. खाली जाणारी. खाली म्हणजे समुद्राकडे… एकटीच. का? पैसे पर्समध्ये आहेत, पाय धड आहेत, आणि गोळीसुद्धा माझ्याकडेच आहे… कालच्याच हॉटेलात राहीन. सगळ्यांच्या चाव्या मीच सांभाळत होते, ओळखतात ते मला… काय करणार म्हणजे? पाण्यात जाणार. गुडघ्यापर्यंत… चपला? वाहून गेल्या तर गेल्या.

…दादाला सांग, ओरडू नकोस म्हणावं, ऐकू येतंय मला. आणि घाटात घाई करायची नाही, पोरं आहेत गाडीत. वर गार असेल. कानटोप्या लाल पिशवीत आहेत, अगदी तळाशी… हो, उतराल तेव्हा घ्या मला. आणि निघण्याआधी मोजा. नीट मोजा.

…थांब जरा… अहो, हो, समुद्राकडेच जायचंय. काय म्हणालात?… किती जण?

एक.

…हो हो, एकच. मोजलंय मी… हं, चढले रे बसमध्ये. खिडकी मिळालीय. ठेवते आता.