काचेखालची वस्ती

तुम्ही नव्या वस्त्यांचं लय कौतुक करून राह्यले, म्हणून सांगतो. घुग्घुसच्या खाणीजवळ मजुरांसाठी वस्ती बांधाची होती, तवा तिचा नमुना मीनंच बनवला होता. लाकडाची घरं, भुशाची झाडं, अन् मातीचा चढउतार अगदी नकाशाबरहुकूम.

खाणीच्या साहेबानं गावच्या लोकाले पाहाले बोलावलं. देवाजीभाऊची धानाची बांधी त्या वस्तीत गेली होती. त्यानं वाकून वाकून पाह्यलं अन् प्याले घेतलेला पाण्याचा गडवा सरळ नमुन्यावर उपडा केला. पाणी सरसर उतरलं अन् मजुरांच्या घरांच्या खालच्या ओळीत जाऊन थांबलं.

"साहेब, माह्या बांधीत पाणी इथीच साचे, म्हणून तं धान होये. इथी माणसं काऊन ठेवता?"

साहेब भडकला. "सगळा नमुना नासवला! मिस्त्री, होता तसाच परत बनव. आणि वरून काच बसव."

बसवली. पुढं मले खाणीत नोकरी लागली अन् घर भेटलं, त्याच ओळीत. दर पावसाळ्यात बायको बाजेवर फळी टाकून सिगडी पेटवते. साहेबाच्या हापिसातली वस्ती मात्र कोरडी आहे. काच मीनं अशी पक्की बसवली, का थेंब आत जात नाई.