सायलीच्या दोन फायली

हसू नका, पण परवापासून मला माझं म्हणणं पटणाऱ्या पोरांची भीती वाटायला लागलीय.

खाडीकाठी नवा कारखाना हवा की नको, यावर मी राज्यशास्त्राच्या वर्गाला असाइनमेंट दिली होती. मी कारखान्याच्या विरोधात, हे पेणच्या आमच्या कॉलेजात शिपायालाही माहीत. सगळ्या वर्गाने 'नको' लिहिलं. गडब गावच्या एकट्या सायलीने 'हवाच' लिहिलेलं, तेही ठणकावून. मी खूश! तिला वर्गात उभी केली. म्हटलं, "बघा, सरांच्या विरोधात लिहायला हिंमत लागते!"

तिचा चेहरा उतरला. "सॉरी सर, फायलींची अदलाबदल झाली. ही अर्थशास्त्राच्या मॅडमची हाय. तुमची तिकडं गेली."

"म्हणजे दोन्ही तूच लिहिल्यास?"

"सगळेच लिहितात, सर. मॅडमनी पण हाच विषय दिलाय, आणि त्यांना कारखाना हवाय ना."

वर्गात कोणी हसलं पण नाय. मला तेच जास्त लागलं.

मी विचारलं, "अगं, मग तुझं स्वतःचं मत काय?"

तिने पटकन वही उघडली, पेन काढलं.

"किती पानं लिहायची, सर?"