शनिवारी घासलेला अँटेना

हॅलो? … हां, स्वरूपा, बोल गं. पोचलीस निघोज्याला? … साहेब लोक बारा वाजता येणार ना, मग घाई कसली… हो, हो, आहे ना. ओट्यावरच आहे तुझा तो कर्णा. … बरं बाई, अँटेना.

सुखरूप काय, लख्ख आहे! … अगं, लख्ख म्हणजे घासला मी. … हॅलो? स्वरूपा? … मला वाटलं फोन कटला.

अगं ऐक ना. तू तो तांब्याच्या कळशीशेजारी वाळत ठेवलास. रंग तांब्याचाच, जरा काळपट. आज शनिवार. शनिवारी तुझी आई तांब्याची भांडी काढायची, आता मी काढतो. रांगेत तोही आला. … चिंच आणि मीठ. दुसरं कशानं घासतात तांबं? … काथ्यानं.

आतून? आतून तर जास्तच घासला. भांडं आतून नको का स्वच्छ? … नाही, आता तांब्यासारखा नाही दिसत. पांढरा दिसतोय. मला वाटलं, खालून चांदी निघाली. … प्लास्टिक? अख्खा? … हो, मशीननं थरावर थर देऊन छापलाय, ते सांगितलं होतंस. पण तांबं… नुसता वरून रंग? आणि लहरी त्या रंगावरच चालतात? … म्हणजे आता एकही पकडणार नाही? … अगं, तू म्हणालीस लहान-मोठ्या सगळ्या लहरी हा एकटाच पकडतो. मला वाटलं, दणकट असेल.

रडू नको. पहिली ऑर्डर आहे, कळतंय मला. … मी येऊन सांगू का साहेबांना? चूक बापाची आहे, पोरीची नाही… बरं, नाही येत.

काय? रंग उरलाय? कुठे? … फ्रिजमध्ये? थांब… लोणच्याच्या मागे… सापडली बाटली! … हो, आधी चिंच धुऊन कोरडा करतो. … आतून एकसारखा हात, कोपरा सोडायचा नाही. … नाही, उन्हात नाही ठेवत, वाकेल. पंख्याखाली. … तुझ्या कामावरचा जयदीप न्यायला गाडीवर येईल, त्याच्याच हातात देतो.

किती वेळा बजावशील? … अगं, कोण हात लावणार? या घरात भांडी घासणारा मीच एक उरलोय, आणि मी समोर हाताची घडी घालून बसतो. …

चल, ठेव फोन. रंग द्यायचाय मला.