फायनलचा ड्रायव्हर

हडपसरच्या बसथांब्यावर रांगेत यमुनाबाईंच्या पुढे एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा, निवृत्त एसटी ड्रायव्हर, उभे होते. बोलणं ऐकून यमुनाबाईंनी कान टवकारले.

“आजोबा, आज सायबर कॅफेत गेमची फायनल आहे. गाडी तुम्ही चालवायची, गोळ्या मी झाडणार.”

“ठरलंय की ते.”

“पण काल सरावात शत्रूचा ट्रक पुढे का जाऊ दिलात? त्यानंच आपल्याला उडवलं.”

“त्यानं हॉर्न दिला, मी साइड दिली.”

“अहो, त्या गेममध्ये सगळं जग नष्ट झालंय.”

“रस्ता शिल्लक आहे ना?”

“आज कुणालाही साइड द्यायची नाही.”

“बरं. मागून रॉकेट आलं तर?”

“त्याला तेवढी द्या.”